बैलाची भिंत

नांदेडहून लातूरला जाणाऱ्या एस.टी.त, लोहा मागं टाकलं की, आमच्या गावचा माणूस गावाचं नाव घेऊन तिकीट मागायचा नाही. "बैलाच्या भिंतीपाशी उतरायचंय," म्हणायचा. कंडक्टरही तसाच ओरडायचा, "चला, बैल कोण कोण हाय? बैलवाले, पुढं या!" नवखी माणसं हसायची. आम्ही गंभीर चेहऱ्यानं पिशव्या उचलून उतरायचो.

ती भिंत आमच्या घराची. रस्त्याकडची, दगडमातीची, वरून गिलावा केलेली. तिच्यावर एक लाल कंधारी बैल उभा होता. तांबडाभडक, डोळ्याभोवती काळी कड, मान जराशी वळवून रस्त्याकडं बघणारा. तो काढला होता पेंटरमामानं, 1986 च्या पोळ्याला.

मामा सख्खा नव्हे. आईच्या माहेरच्या गावचा, म्हणून मामा. त्या साली पोळ्याच्या आधी पंधरा दिवस आमचा एक बैल पान लागून गेला. पान लागणं म्हणजे साप चावणं. आमच्याकडं त्याचं सरळ नाव घेत नाहीत. जोडी मोडली. पोळ्याच्या दिवशी दादा, म्हणजे माझे वडील, उरलेल्या बैलाला धुवायलासुद्धा उठेनात. मामा कुठलंसं लोखंडी फाटक रंगवून परत चालला होता. डब्याच्या तळाला रेड ऑक्साइड उरलं होतं. त्यानं काही विचारलं नाही, सांगितलं नाही. भिंतीपुढं उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत बैल उभा केला. गेलेल्या बैलाच्या डाव्या शिंगाचं टोक मोडकं होतं. तेही मोडकंच काढलं. आईनं त्या भिंतीला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. दादांनी भिंतीवर हात ठेवला आणि मग गोठ्यात जाऊन उरलेला बैल धुतला.

हे सगळं सांगायचं कारण असं की, मी पुढं चित्रकलेचा मास्तर झालो. कला म्हणजे काय, हे मी तीस वर्षं वर्गात सांगत आलो. आणि तो बैल मीच पुसला.

मामाचा धंदा भिंती रंगवण्याचा. खत, बियाणं, बिडी, चहा, साबण, जे येईल ते. सरकारी कामंही असायची. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण त्यानं किती भिंतींवर काढला असेल, देव जाणे. मी सुट्टीत त्याच्यासोबत डबा धरायला जायचो. आधी भिंत खरवडायची. चुन्यात सरस आणि थोडी नीळ कालवून दोन हात द्यायचे. वाळलं की सुतळीला गेरूची भुकटी चोळायची, दोघांनी दोन टोकांना ताणायची, मधोमध धरून टचकन सोडायची. भिंतीवर सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर शिरोरेघ बसवायची.

"मराठी अक्षर खाली बसत न्हाई भाच्या," मामा सांगायचा, "ते वरून लोंबतं. वाळू घातलेल्या धुण्यावानी. दोरी ढिली पडली की समदं धुणं ढिलं."

दुसरं एक सांगायचा. "यष्टी भिंतीम्होरून जाती तवा माणसाला चार शब्द वाचू येतेत. पाचवा लिव्हला तर तो आपल्या हौसेसाठी."

पैसे भिंतीच्या मापावर मिळायचे. हौसेचे मिळायचे नाहीत. पण मामा हौस सोडायचा नाही. बियाण्याच्या जाहिरातीत कंपनीनं सांगितलेलं कणीस काढून झालं, की त्याच्यावर तो एक चिमणी बसवायचा. कंपनीच्या माणसाला ती दिसायचीही नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून माणसं झोपली होती. लातूर-उस्मानाबादकडची सुमारे 8 हजार माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. पुढं नवी गावं वसली. सरळ रस्ते, सरळ ओळी, एकसारखी घरं. त्यातल्या एका गावात घरांवर नंबर टाकायचं काम मामाला मिळालं. मी तेव्हा ए.टी.डी. करत होतो. एलिमेंटरी, इंटरमिजिएट झालेलं, प्रमाण, संतुलन, छायाप्रकाश असे शब्द नवे नवे तोंडात बसलेले. सुट्टीत मामासोबत गेलो.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारी मामापाशी आली. म्हणाली, "बाबा, तुझे आकडे मला वाचू येत न्हाईत. समदी घरं सारखीच. रोज दुसऱ्याच्याच घरात शिरायले मी. आन् माझा म्हातारा रोज सपनात येतो, त्याला तर घर घावंनाच."

म्हातारा त्या पहाटेच गेलेला होता.

मामानं नंबराचा डबा खाली ठेवला. तिच्या दारावर एक राघू काढला. हिरवा, लाल चोचीचा, फांदीवर बसलेला. तिनं राघूला बोट लावून बघितलं, रंग ओला होता, बोट पदराला पुसलं आणि आत गेली. संध्याकाळपर्यंत माणसं जमली. कुणाला मोर पाहिजे, कुणाला तुळशीवृंदावन, एकाला ट्रॅक्टर. नंबरचे पैसे मिळाले. पक्षी, झाडं, ट्रॅक्टर फुकट.

मला मात्र शरम वाटत होती. रात्री भाकरी खाताना मी बोललो. "मामा, त्या राघूची मान लांब झाली. प्रमाण चुकलं. आणि तोच राघू तुम्ही आणखी तीन दारांवर काढला. ही कला नव्हे, ही छपाई झाली."

मामा म्हणाला, "कला न्हाईच ती. कला म्हणायला मी काय तमाशातला हाय का? आपण पेंटर." थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पर म्हातारी आज बरोबर घरात गेली का न्हाई?"

मला वाटलं, वादात मी जिंकलो. त्यानंच कबूल केलं होतं ना, कला नाही म्हणून.

नोकरी लागली. दादा गेले. 2003 साली घराचं माळवद काढून पत्रे टाकायचे होते आणि हातात पैसा नव्हता. तशात एका सिमेंट कंपनीचा एजंट आला. रस्त्यावरची मोक्याची भिंत. वर्षाला पाचशे रुपये आणि भिंतीला फुकटात रंग. मी आईला विचारलं. आई म्हणाली, "घर तुझं, भिंत तुझी. मला काय इचारतूस?" त्या बोलण्याचा अर्थ मला कळला होता. मी तो न कळल्यासारखा केला.

आता त्या रस्त्यावरच्या भिंती रंगवायचं काम कुणाकडं? मामाकडंच. एके दिवशी सकाळी तो डबे घेऊन दारात उभा. त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही. चुना भिजवला, नीळ कालवली, आणि कुंचला माझ्या हातात दिला.

"पहिला हात तू मार भाच्या. दुसरा मी मारतो."

आणि बिडी पेटवून रस्त्याच्या पलीकडं लिंबाखाली जाऊन बसला.

मी मारला. पाय झाकले, वशिंड झाकलं, मोडकं शिंग झाकलं. डोळा शेवटी राहिला. तोही झाकला. मग मामा आला. दुसरा हात दिला, सुतळी ताणली, आणि सिमेंटचं नाव लिहिलं. इतकी सुबक अक्षरं त्या रस्त्यावर दुसरीकडं नव्हती. राग काढायचा असता तर अक्षरांवर काढता आला असता. त्यानं काढला नाही.

पुढं चार-पाच वर्षांत फ्लेक्स आलं आणि मामाचा धंदा बसला. चौकाचौकात वाढदिवस, निवडी, श्रद्धांजल्या लटकू लागल्या. लातूरला तर क्लासेसचे फ्लेक्स. गुणवंत पोरांचे फोटो ओळीनं, वर आकडे, खाली आकडे, मधोमध हात बांधून उभे असलेले सर. त्या पोरांची मेहनत खोटी नव्हती. कित्येक आमच्यासारख्याच कोरडवाहू घरातली होती. पण फ्लेक्सचं काम मेहनत दाखवायचं नव्हतं. त्याचं काम रस्त्यानं जाणाऱ्या बापाच्या पोटात गोळा आणायचं होतं. म्हातारपणी मामा लातुरात हेच फ्लेक्स बांबूला बांधायच्या कामावर होता. एकदा भेटायला गेलो तर हा शिडीवर चढून फ्लेक्सवर रंग लावतोय. म्हटलं, "मामा, काय करायलाव?" म्हणाला, "'विद्यार्थी'ची वेलांटी पहिली टाकलीय कंप्युटरनं. पोरं शिकायला येतेत इथं." मालकानं सांगितलं नव्हतं. त्याचे कुणी पैसेही देणार नव्हतं.

नंतर मामाही गेला.

2018 च्या ऑक्टोबरात वर्गातल्या पोरांनी मला मोबाइलवर एक बातमी दाखवली. बँक्सी नावाचा इंग्लंडातला चित्रकार. रात्री-बेरात्री लोकांच्या भिंतींवर साच्यानं चित्रं काढून पळतो, खरं नाव कुणालाच पक्कं ठाऊक नाही. त्याचं फुगा हातातून सुटलेल्या मुलीचं चित्र लंडनला सदबीजच्या लिलावात दहा लाख पौंडांच्या वर गेलं. हातोडा पडला आणि चित्र आपोआप चौकटीच्या खालून पट्ट्या पट्ट्या होऊन बाहेर यायला लागलं. चौकटीत त्यानंच यंत्र बसवलं होतं. अर्ध्यावर ते अडकलं. बाजाराची टर उडवायची होती म्हणे. पण बाजार हुशार. त्यानं फाटक्या चित्राला नवं नाव दिलेलं मान्य केलं आणि 2021 साली तेच फाटकं चित्र 1 कोटी 85 लाख पौंडांना विकलं.

पोरं म्हणाली, "सर, ही कला का?"

मी वर्गात काहीतरी उत्तर दिलं. मनात मात्र चुन्याचा कुंचला होता. त्यानं स्वतःचं चित्र फाडलं तर किंमत कितीतरी पटींनी वाढली. आम्ही बैल पुसला त्याचे पाचशे रुपये.

मग मी त्या माणसाविषयी वाचत गेलो. त्यातली एक गोष्ट मला लिलावापेक्षा मोठी वाटते. 2013 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला बागेच्या कडेला त्यानं एका म्हाताऱ्याला साधी टपरी मांडून बसवलं. अस्सल, त्याच्या हातची चित्रं. भाव 60 डॉलर. नाव सांगायचं नाही. दिवसभरात गल्ला झाला 420 डॉलर. एका बाईनं तर घासाघीस करून दोन चित्रं निम्म्या भावात नेली, अगदी लोह्याच्या बाजारात वांगी घेतल्यासारखी. तीच चित्रं, तोच हात. नाव काढून घेतलं तर माणसं न बघता पुढं गेली.

म्हणजे कोटीची बोली चित्रावर नव्हती, नावावर होती. गाजावाजा म्हणजे दुसरं काय? आपण बघायच्या आधीच आपल्याला काय दिसणार ते कुणीतरी सांगून ठेवणं.

इथं थांबलो असतो तर सोपं होतं. पैसा आला की कला गेली, नाव झालं की कला बाटली, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. गावाकडची माणसं अशी वाक्यं आवडीनं ऐकतात. पण ते खरं नाही. अजिंठा आमच्याच मराठवाड्यात आहे. तिथलं सोळावं लेणं वाकाटक राजाचा मंत्री वराहदेव यानं करवलं, तसा लेख आहे. खर्च करणाऱ्याचं नाव दगडात आहे, भिंती रंगवणाऱ्याचं कुठंच नाही. म्हणजे तिथंही दुसऱ्याच्या खर्चानं, दुसऱ्याच्या सांगण्यानंच काम झालं. आपल्या पंढरपूरचे हुसेन मुंबईत आधी सिनेमाची पोस्टरं रंगवायचे.

आणि गाजावाजा नेहमी वाईटच करतो असंही नाही. डहाणूकडच्या वारली बायका लग्नाच्या वेळी तांदळाच्या पिठानं घराच्या भिंतीवर चौक लिहायच्या. लग्न झालं, पावसाळा आला, गेलं. मग बाहेरच्यांचं लक्ष गेलं, 1970 नंतरच्या काळात जिव्या सोमा मशे कागदावर काढू लागले, चित्रं परदेशी गेली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज वारली नक्षी चादरीवर, कपबशीवर, विमानतळावर दिसते. त्यातलं बरंच नुसतं छापकाम आहे. पण बोलबाला झाला नसता तर त्या घरांत चार पैसे गेले नसते, आणि आपण त्या चित्रांकडं बघितलंही नसतं. हे नाकारायचं कसं?

बँक्सीलाही मी खोटा म्हणणार नाही. फुगा सुटलेली ती मुलगी माझ्या सातवीच्या पोरांना एका नजरेत कळली. मामाचा चार शब्दांचा नियम त्यालाही ठाऊक असावा.

मग खरी कला कुठली? इतकी वर्षं घोळवून मला एवढंच सुचतं. जे मागितलं त्याच्यापेक्षा जास्तीचं काही जिथं आहे, आणि ते जास्तीचं घेणाऱ्याच्या कामी आलं, तिथं ती आहे. पैसे घेतले की नाही, हा प्रश्नच नव्हे. मामानं नंबरचे पैसे घेतले. राघू जास्तीचा. कणीस कंपनीचं. चिमणी जास्तीची. फ्लेक्सवाल्याला बांबू बांधून पाहिजे होते. वेलांटी जास्तीची.

तुम्ही म्हणाल, चिमणी कुणाला दिसलीच नाही, मग ती कुणाच्या कामी आली? मला दिसली. डबा धरणाऱ्या पोराला दिसली. मी चित्रकलेकडं वळलो तो त्या चिमणीमुळं, कॉलेजमुळं नव्हे. हे मला पन्नाशीनंतर कळलं.

आणि जड जाणारी गोष्ट ही की, मला फसवलं ते बाजारानं नाही. सिमेंटच्या एजंटाला मी दोष देत नाही. त्याला भिंत पाहिजे होती, त्यानं भाव सांगितला. मला गंडवलं माझ्या कागदानं. कला कुठं असते आणि कुठं नसते, हे मला शिकण्याच्या नादात पाठ झालं होतं. तोही एक गाजावाजाच. लंडनचे लोक नाव बघून चित्राकडं बघतात, मी प्रमाण बघून राघूकडं बघितलं. दोघांनीही बघितलं नाही. तो बैल कला आहे असं मला कुणी पुस्तकातून सांगितलं असतं, तर पाचशेच काय, पाच हजारांनाही मी भिंत दिली नसती. दादांनी भिंतीवर ठेवलेला हात मी डोळ्यांनी बघितला होता, तो मात्र मला पुरावा वाटला नाही.

त्या दिवशी मामानं पहिला हात मला का मारायला लावला, याचा मी पुष्कळ विचार केला. शिक्षा म्हणून? त्याचा तसा स्वभाव नव्हता. त्याच्यानं झालं नसतं म्हणून? असेल. पण कधी कधी वाटतं, त्याला मला एकदा तो बैल जवळून बघायला लावायचं होतं. पुसताना तरी बघशील म्हणून. आणि खरंच, त्या डोळ्याची काळी कड इतक्या जवळून मी त्या दिवसाआधी कधी बघितली नव्हती.

आता तो रस्ता मोठा झाला आहे. रुंदीकरणात भिंतही गेली, सिमेंटच्या अक्षरांसकट. मोबदला मिळाला. तिथं आता काहीच नाही, साधा फलकसुद्धा नाही. मागच्या महिन्यात लातूरहून येत होतो. पुढच्या बाकावर कॉलेजातला एक पोरगा बसला होता, वीसच्या आतला. बैल पुसला तेव्हा तो जन्मलाही नसेल. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?"

पोरगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "बैलाची भिंत."

कंडक्टरनं तिकीट फाडलं. मी म्हणालो, "मलाबी तेच द्या."